बसून न पाहिलेलं वाद्य

चैत्र जवळ आला की हिंगोलीच्या हवेला शिजलेल्या हळदीचा वास येतो. पुडीतल्या हळदीचा वास वेगळा. हा वास ओल्या मातीत एखादं औषध उकळत ठेवल्यासारखा असतो, थोडा गोड, थोडा घशाला धरणारा. गावाबाहेर निघालं की शेताशेतातून वाफा उठताना दिसतात, बाया डोक्याला फडकी बांधून कंद पसरत असतात. याच दिवसांत आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी जयंतीच्या गाण्यांची तालीम सुरू होते. आधी ढोलकी कुरकुरते, मग कुणीतरी माइकवर फुंकर मारतं, आणि मग बायकांचा आवाज उठतो.

आता मी खिडकी लावून घेत नाही. पण दरवर्षी पहिल्या दिवशी माझा हात कडीकडे जातो, हे खरं आहे.

चार वर्षांपूर्वीच्या चैत्रात मी ती खिडकी लावून घेतली होती. आतून उशी टेकवली होती. तरी आवाज यायचाच.

त्याआधी बरीच वर्षं त्या तालमीत पुढे उभी राहणारी बाई मी होते. आमच्या महिला मंडळाची गाणारी. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, स्वतः गाणी लिहायचे, पेटी वाजवायचे आणि आसपासच्या गावांत जयंतीला गायचे. ते गेल्यावर पेटी माझ्याकडे आली आणि गाणीही. सेनगाव, नरसी, कळमनुरी, वारंगा फाटा, कुठूनही बोलावणं आलं की आम्ही सात-आठ जणी जीप करून जायचो. दिवसा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवायचे. थोडक्यात, माझं सगळं पोट आणि सगळा आनंद गळ्यावर चालत होता, आणि मला ते कधी जाणवलं नव्हतं. पायावर चालतो हे चालताना कुणाला जाणवतं?

दिवाळीच्या सुट्टीत थायरॉइडची गाठ काढली. कुणाची चूक नव्हती. आवाजाची नस गाठीला अगदी चिकटून जाते, तिला धक्का बसू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि त्या कागदावर मी सही केली होती. शुद्धीवर आल्यावर मी प्रज्ञाला, माझ्या मुलीला, हाक मारली. ओठ हलले. हवा बाहेर आली. हवेत काहीच नव्हतं.

एक स्वरपडदा हलत नाही, डॉक्टर म्हणाले. वर्षभर वाट पाहू, व्यायाम करा, पण फार आशा धरू नका. मी व्यायाम केले. रोज सकाळी न्हाणीघरात उभी राहून भिंत ढकलत "आ" करायचे. त्या "आ"ची जागा एक खरखरती कुजबुज घ्यायची. कुकरच्या शिट्टीआधी वाफ निघते ना, तशी.

शाळेत परत गेले. पहिल्या दिवशी मी फळ्यापाशी उभी राहून जमेल तेवढ्या कुजबुजीत म्हणाले, "पुस्तकं काढा." अठ्ठावीस लेकरं एकदम गप्प झाली. मग पहिल्या बाकावरच्या एका पोरीनं मान पुढे करून, अगदी माझ्यासारख्याच कुजबुजीत विचारलं, "मॅडम, कोणतं पुस्तक?" आणि त्या दिवसापासून माझा आख्खा वर्ग कुजबुजत बोलायला लागला. पाढेसुद्धा कुजबुजत. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, इथं कुणीतरी आजारी झोपलंय. लेकरं माझ्यावर माया करत होती, हे मला कळत होतं. पण घरी येऊन मी कपाटाला डोकं टेकून रडले. रडण्यालाही आवाज नसतो, हे तेव्हा कळलं. आवाज नसेल तर रडून हलकं वाटत नाही. नुसतं अंग हलतं.

फाल्गुनात तालीम सुरू झाली. मंडळातल्या बायका घरी आल्या होत्या. शीला त्यांच्यात सगळ्यांत लहान, माझ्या मागे उभी राहून गायची. चहाचा कप हातात फिरवत ती म्हणाली, "ताई, तुमची गाणी मी म्हणू का? तुमी न्हाई म्हणलं तर न्हाई म्हणत."

मी मान हलवली. म्हण, म्हणून. दुसरं काय करणार होते?

प्रज्ञाचे पप्पा वीज कंपनीत लाईनमन आहेत. खांबावर चढून दिवसभर तारा ओढणारा माणूस, फार बोलत नाही. त्या दिवसांत मात्र तेच बोलायचे, मला बोलता येत नाही म्हणून दोघांच्या वाटचं. "जेवली का? काहून न्हाई जेवली? आज ऊन लई होतं. पुसेगावकडं लाईन गेली होती." मी भिंतीकडे पाहत पडलेली असायचे. एकदा त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "काहीतरी बघ तरी. नुसतं छताकडं बघून राहिली."

तसंच काहीतरी बघताना मला ते वाद्य दिसलं.

एक परदेशी म्हातारी बाई, इस्त्रीच्या टेबलाएवढ्या लांबट लाकडी चौकटीपुढे बसलेली. चौकटीला चार पाय. वर दहा तारा आडव्या ताणलेल्या. उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या हातात अंगठ्याएवढा जाड, गुळगुळीत पोलादी बार. तो बार ती तारांवरून अलगद सरकवत होती. आपल्याकडे जुन्या ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार असायची, तिचीच ही बहीण दिसत होती. पण खाली तिचे पाय चालत होते. तीन पेडलं होती. गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना लिव्हर लोंबत होते. ती पेडल दाबायची आणि एकच तार वर चढायची, बाकीच्या जागेवर उभ्या राहायच्या. सूर तुटत नव्हता. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर तो वितळून जात होता.

ती मींड होती. माझ्या गळ्यातली मींड. दादांच्या गाण्यात "पाणी" या शब्दावर मी घ्यायचे, अगदी तीच.

मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. पेडल स्टील गिटार असं त्याचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी ठरवून टाकलं होतं. हे मला पाहिजे. जयंतीच्या आधी पाहिजे.

आज त्या बाईकडे, म्हणजे तेव्हाच्या माझ्याकडे, पाहिलं की मला तिचा राग येत नाही, भीती वाटते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. पण बुडता माणूस काडी निवडत नाही, ती ओली आहे की सडकी आहे हे बघत नाही. तो नुसता झडप घालतो. मी झडप घातली.

नांदेडमध्ये वाद्यांचं एक जुनं दुकान होतं. फोन प्रज्ञानं केला. दुकानदार म्हणाला, एक आहे, हैदराबादच्या कुणा ऑर्केस्ट्रावाल्यानं हाताने बनवून घेतलेलं, तीन पेडलं आहेत, पडून आहे. रोख द्यायचे नसतील तर बदल्यात चांगली पेटी चालेल.

चांगली पेटी आमच्याकडे एकच होती.

प्रज्ञा म्हणाली, "आई, ती आजोबांची आहे." मी पाटीवर लिहिलं, "गळा नाही तर पेटी कुणासाठी ठेवू?" ती पाटी मी तिच्या तोंडापुढे धरली. तिनं वाचलं आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. पेटी मी स्वतः चादरीत बांधली. भात्याला हात लागला तेव्हा ती आपोआप थोडी वाजली, झोपेत कुणी कण्हावं तशी. मी गाठ घट्ट केली.

दुकानात ते वाद्य कोपऱ्यात उभं होतं. काळ्या रंगाचं, कडेला चंदेरी पट्टी, वर आरशासारखी चमक. दुकानदारानं धूळ पुसली. "बसा ना मॅडम," तो म्हणाला, आणि स्टूल पुढे केलं. "वाजवून बघा."

प्रज्ञाचे पप्पाही म्हणाले, "बसून तर बघ."

मी बसले नाही.

हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. मला घाई होती म्हणून बसले नाही, असं सगळ्यांना वाटलं. तसं नव्हतं. मी बसले असते आणि ते मला जुळलं नसतं, तर मग पुढे काहीच उरलं नसतं. न बसता ते घरी नेलं तर निदान परतीच्या वाटेवर तरी माझ्याकडे एक वाद्य असणार होतं. नांदेड ते हिंगोली, तेवढी वाट. त्या वाटेसाठी मी दादांची पेटी देऊन टाकली.

घरी आणलं. शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या. "हे काय, शिलाई मशीन व्हय?" कुणीतरी विचारलं. मी हसले. दार लावून बसले. पहिलं पेडल दाबलं. तार वर चढली. अंगावर काटा आला. पेडल सोडलं. तार खाली आली, पण जिथून निघाली होती तिथं आली नाही. थोडी वरच लटकून राहिली. मी पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. आता ती आणखी वेगळ्याच ठिकाणी. दुसऱ्या पेडलाचंही तेच, तिसरं तर हलायचंच नाही. गुडघ्याचे लिव्हर त्याला नव्हतेच. चौकट इतकी खाली होती की माझ्या मांड्या खालून तिला घासायच्या.

मी दहा दिवस झगडले. शाळेतून यायचं, साडीचा पदर खोचायचा आणि बसायचं. तार लावायची, पेडल दाबायचं, तार बिघडायची, पुन्हा लावायची. त्यातून जो आवाज निघायचा तो ऐकून गल्लीतली कुत्री उठून जायची. मला वाटत होतं चूक माझी आहे. माझ्या हातांना जमत नाही, मला कळत नाही, मी मूर्ख आहे. विहारातून शीलाचा आवाज यायचा, दादांचं गाणं: "ओंजळ आमची, पाणी आमचं, आता कुणाला विचारायचं?" शेवटच्या शब्दावर ती घाई करायची. तिथं घाई करायची नसते गं, मी आत बसून ओरडायचे. हवा निघायची.

दहाव्या दिवशी मी तो पोलादी बार हातातून फेकला. तो भिंतीवर आपटून खाली पडला, फरशीचा टवका उडाला. प्रज्ञा दारात उभी होती. तिनं बार उचलला, पुसला आणि फ्रिजवर ठेवला, लहान मुलाच्या हाती लागू नये म्हणून सुरी ठेवतात तसा. त्यानंतर मी कुजबुजणंसुद्धा सोडलं. शाळेत रजा टाकली. कुणी काही विचारलं तर मान हलवायची नाही, लिहायचं नाही. मला वाटत होतं, जे अर्धं गेलं ते पूर्णच जाऊ दे. पाच-सहा दिवस मी त्या घरात फर्निचरसारखी होते. जेवणाचं ताट समोर यायचं, तसंच परत जायचं. त्या दिवसांत मनात काय काय येऊन गेलं ते मी इथं लिहीत नाही. एवढंच सांगते की प्रज्ञाचे पप्पा तेव्हा दुपारी मधूनच घरी यायला लागले होते, काही ना काही विसरल्याचं निमित्त काढून.

एका रविवारी त्यांनी मालवाहू रिक्षा दारात आणून उभी केली.

"ऊठ," ते म्हणाले. "वारंग्याला जायचंय. फाट्यावर मुनीरचाचा हायेत, स्पेअर पार्टचं दुकान हाय त्यांचं. म्या तिथं लाईनीच्या कामाला जातो नं. त्यांच्या दुकानात मागं असलंच एक चार पायाचं झाकून ठेवलेलं हाय. मला आधी ध्यानातच आलं न्हाई."

फाट्यावर उन्हात ट्रक उभे होते. टायरांच्या राशी, गॅरेजांचे ठोके, चहाच्या टपरीवर रॉकेलच्या स्टोव्हचा फर्राटा. मुनीरचाचा सत्तरीच्या पुढचे, पांढरी दाढी, बनियनवर ऑइलचे डाग. आमचं वाद्य त्यांनी रिक्षातून उतरवून घेतलं, उलटं केलं आणि पोटाखाली बघून मोठ्यानं हसले.

"ये तो क्लचवायर हाय! मोटारसायकलची! आन पेडल? ब्रेकचं. अरे, क्लचवायर ताणली की ढिली पडणारच. तार घरी वापस येणार कशी?"

म्हणजे चूक माझ्या हातांची नव्हती. मला बरं वाटायला हवं होतं. मी टायरांच्या राशीवर बसले.

चाचांनी मागच्या अंधाऱ्या खोलीतून ताडपत्री ओढली. ते तिथं होतं. जड, लाकडाचा रंग उडालेला, पण पोटाखाली सगळे सरळ पोलादी रॉड, स्प्रिंगा, तीन पेडलं, गुडघ्यांचे चार लिव्हर. चाचा बावीस वर्षं आखातात एका हॉटेलची गाडी चालवत होते. तिथल्या बँडमधला एक फिलिपिनो वादक त्यांचा दोस्त झाला. तो सुट्टीच्या दिवशी त्यांना शिकवायचा, आणि बँड मोडला तेव्हा हे वाद्य त्यांना देऊन गेला.

कितीतरी दिवसांनी मी कुजबुजले, त्यांना काहीतरी विचारलं. त्यांनी कानामागे हात धरला. पुन्हा विचारलं. ते माझ्या यजमानांकडे बघायला लागले.

"चाचाला ऐकू कमी येतं," हे म्हणाले. आणि चाचांच्या कानाशी ओरडले, "तिला आवाज न्हाई, चाचा! ऑपरेशन झालं!"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मला बोलता येत नव्हतं, त्यांना ऐकू येत नव्हतं. अशा वेळी हसावं की काय करावं? त्यांनी पिस्टनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. मी लिहिलं, "जयंतीला वाजवायचं आहे. आठ दिवस उरलेत."

चाचांनी ते वाचलं. पुठ्ठा पालथा ठेवला. "न्हाई होणार, बेटी," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असं. "या जयंतीला न्हाई. फुडच्याबी न्हाई. दोन बरस लागतेत. मी खोटं बोलणार न्हाई तुला."

मी उठले आणि रिक्षात जाऊन बसले. उन्हानं तापलेल्या पत्र्यावर हात टेकला, तो भाजला, तरी काढला नाही. हे मागून आले. ते वाद्य, आमचं, त्यांनी तिथंच ठेवलं. आणायला सांगायची ताकद माझ्यात नव्हती.

जयंतीच्या संध्याकाळी मी विहारापुढच्या मंडपात मागच्या खुर्चीवर बसले होते. पांढरी साडी नेसून. न जाणं मला शक्य नव्हतं. ते दिवस माझे एकटीचे नसतात. शीला पुढे आली. तिनं दादांचं गाणं सुरू केलं. ती चांगली गायली, हे मला लिहिलंच पाहिजे. शेवटच्या शब्दावर घाई केली नाही. माझ्या शेजारी बाहेरगावहून आलेली एक बाई बसली होती, तिला काही ठाऊक नव्हतं. सगळे टाळ्या देत गात होते, आणि माझे नुसते ओठ हलताना बघून तिनं मला कोपरानं ढोसलं. "बाई, मोठ्यानं म्हणा की! लाज काहून करून राहिल्या?"

मी उठून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच एसटी स्टँडवर गेले. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" मी कुजबुजले. "मोठ्यानं बोला की बाई!" बसमधली माणसं वळून बघायला लागली. मी तळहातावर पेननं "वारंगा फाटा" लिहिलं आणि हात त्याच्यापुढे धरला. त्याने ते वाचलं, माझ्या गळ्यावरच्या व्रणाकडे पाहिलं, आणि पुढे सगळ्या वाटेत तो कुणावर ओरडला नाही.

मी काही शहाणी होऊन गेले नव्हते. जायला दुसरी जागाच नव्हती.

चाचा काही विचारत बसले नाहीत. त्यांनी ताडपत्री काढली. "आता नीट निवड," ते म्हणाले. "पैले बस. उभ्यानं वाद्य निवडत न्हाईत."

मी बसले. गुडघे लिव्हरपर्यंत पोहोचेनात. त्यांनी वाद्याचे पाय स्क्रूवर फिरवून दोन बोटं खाली घेतले आणि माझ्या स्टुलावर रबराची जाड चटई टाकली. आता पोहोचले. मग ते म्हणाले, "पैलं पेडल. शंभर वेळा दाब. चमक बघायची न्हाई, आवाज गोड हाय का तेबी बघायचं न्हाई. तार घरी वापस येती का, एवढंच बघ."

मी दाबत राहिले. पाय दुखला. शंभराव्या वेळीही तार आपल्या जागी येऊन उभी राहिली. चाचा वाद्याच्या कडेला बसले होते, हाताचा पंजा लाकडावर पसरून. तेवढ्यातून त्यांना ऐकू यायचं. हातानं. "आली," ते दर वेळी म्हणायचे. "आली. आली."

"आता डावा गुडघा बाहेर ढकल."

मी ढकलला. मधली एक तार अर्ध्या सुरानं खाली उतरली, बाकीच्या तिला धरून उभ्या राहिल्या. माझ्या घशात काहीतरी हललं. पाच महिने तिथं काही हललं नव्हतं. मी गुडघा तसाच दाबून धरला आणि रडले. चाचा दुसरीकडे बघत होते.

मग त्यांनी माझ्यापुढे सगळं मांडलं, एखादा माणूस पोरीला स्थळं सांगतो तसं. हे जुनं आहे, जड आहे, दोन माणसांशिवाय हलत नाही. फिलिपिनो दोस्ताच्या पोराला लिहिलं तर शिकाऊ माणसासाठीचं हलकं मिळेल, तीन पेडलं, एकच लिव्हर. पण वर्षभरात हात पुढे जाईल आणि वाद्य मागे राहील. नाहीतर साधी हवाईयन गिटार घे, पेडलाची कटकट नाही, तीन महिन्यांत गाणं वाजेल. "तीन महिन्यात," ते पुन्हा म्हणाले. माझ्या तोंडाकडे निरखून बघत होते.

मी जुन्या लाकडावर हात ठेवला.

"दोन बरस," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"आन अट हाय. वरीसभर हे घरी न्यायचं न्हाई. घरी नेलं की तू जयंतीचं गाणं वाजवशील, वाजणार न्हाई, मग पुन्हा काहीतरी फेकशील." बार फेकल्याचं त्यांना यांनीच सांगितलं असणार. "इथं यायचं. रविवारी."

मी गेले. वर्षभर, आणि त्याच्या पुढचंही वर्ष. सुरुवातीचे महिने फार वाईट होते. लोकांना वाटतं, एकदा मार्ग सापडला की निराशा संपते. ती संपत नाही. ती बसमध्ये आपल्या शेजारी येऊन बसते आणि सोबत उतरते. कित्येक रविवारी मी परत जाताना ठरवलं की पुन्हा यायचं नाही. गळ्यातला आवाज परत आला नाही. वर्ष झालं तेव्हा डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. वर्गात माझ्यासाठी छोटा माइक आला, गळ्यात अडकवायचा. तो माझी कुजबुज मोठी करतो, कुजबुजच ठेवतो. वाद्य गळ्याची जागा घेत नाही, हे मला लवकरच कळलं आणि त्याचं दुःख आजही आहे. पण तार घरी यायला लागली. माझ्या हातानं.

दोन वर्षं झाल्यानंतरचा एक रविवार. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, बाहेर दोन ट्रकवाले सावलीत बसले होते. चाचांनी नेहमीसारखा पंजा लाकडावर ठेवला आणि म्हणाले, "वाजव आता. जे वाजवायला आली होती ते."

मी दादांचं गाणं वाजवलं. सावकाश. पहिली ओळ संपायच्या आधी चाचांनी मान वर केली.

"हे तर आमच्या फाट्यावर वाजायचं! जयंतीला! मला ऐकू यायचं तवाची गोष्ट. एक बाई यायची हिंगोलीची. काय आवाज होता, बेटी, तिचा! ट्रक थांबायचे."

ती मीच, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायचं तर लिहावं लागलं असतं, आणि माझे दोन्ही हात तारांवर होते.

चाचा गायला लागले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसलेल्या माणसाचं गाणं, मोठं, फाटकं, अर्धे शब्द चुकलेलं. "ओंजळ आमची, पाणी आमचं..." सूर कुठल्या कुठे चालला होता. सावलीतले ट्रकवाले वळून बघायला लागले, एक हसला. चाचांना त्याचं काही नव्हतं. त्यांचे डोळे मिटलेले होते. "पाणी"वर ते फार खाली घसरले. मी बार थोडा मागे ओढला, आणि त्यांच्यासोबत खाली गेले.